आई, मला शिवू नकोस

वयात येण्याच्या त्या तीन-चार वर्षांत मला जगातल्या एकाच जागेची ओढ होती, आणि ती काही लांब नव्हती. आमच्या घराची मागची पडवी. वसईजवळ होळी नावाचं आमचं गाव. सणाचा आणि गावाच्या नावाचा काय संबंध, हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. गावात ज्याच्या त्याच्या वाड्या, म्हणजे केळी, फुलं, भाजी आणि पानवेल. आमचं घर वाडीच्या तोंडाशीच होतं. पुढे ओटा, मधे माजघर आणि देव्हारा, उजव्या हाताला चूल, आणि मागे उतरत्या कौलांची पडवी. तिथून तीन पायऱ्या उतरलं की बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. त्यात पावसाचं पाणी साठायचं आणि उन्हाळाभर वाडीला पुरायचं. घरातली बाई महिन्याचे चार दिवस बाहेर बसायची ती या पडवीत.

घरात आई आणि बाबा, काका आणि काकी, काकांची मुलगी शालन, आणि मी कुमुद. शालन माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, एका पांघरुणात झोपायचो. आम्ही घरात जी बोली बोलत होतो ती तशीच लिहिली तर वसईबाहेरच्या माणसाला चार पानांत दम लागेल, म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं मी जरा पुस्तकी करून लिहिते आहे. आईने हे वाचलं असतं तर म्हणाली असती, "मी अशी कधी बोलले गं, मास्तरणीसारखी?"

पडवीत बसलेल्या बाईला चुलीपाशी जायचं नाही, देवघराकडे बघायचं नाही, पानवेलीत तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बाहेरची बाई आत गेली तर वेल जळते, असं सगळे मानत. राजेळी केळी सोलून उन्हात मांडवावर घातलेली असली, सुकेळी करायला, तर त्या बाजूने जायचं नाही. पाणी हवं तर दुसरीने वरून ओतायचं, भाकरी हवी तर लांबून टाकायची. हे वाचून आजच्या मुलींना राग येईल, आणि यायलाच हवा. पण मला तेव्हा काय दिसत होतं ते सांगते. आई पहाटेपासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत कधी बसलेली दिसत नसे. तीच आई महिन्यातून चार दिवस पाय लांब करून भिंतीला टेकून बसायची. काकीची आणि तिची तारीख बहुतेक वेळा जवळजवळ यायची. मग त्या दोघी जुन्या लुगड्यांची गोधडी मधे पसरून दोन बाजूंनी शिवत बसायच्या. टाका ओढताना दोऱ्याचा सर्रकन आवाज व्हायचा, पलीकडे बावखलात पाणकोंबड्या ओरडायच्या, आणि मधेच दोघी फसकन हसायच्या. कशाला हसल्या म्हणून विचारायला आम्ही दारात गेलो की काकी म्हणायची, "जा गं, तुमचं काम नाही. वेळ आली की कळेल."

शालनची वेळ तेराव्या वर्षी आली. आम्ही चिंचेखाली खेळत होतो. ती एकदम उठली, परकराच्या मागे हात नेला आणि रडायलाच लागली. तिला वाटलं आपल्याला काहीतरी चावलं. मी धावत जाऊन आईला सांगितलं. काकी आली, तिने पोरीला जवळ न घेता लांबूनच हसत पडवीची वाट दाखवली. पाचव्या दिवशी तिला न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं दिलं, केसांत सोनचाफा माळला. नारळाच्या रसातली खीर झाली, वालाचं बिरडं झालं. शेजारच्या बायका आल्या. जी ती शालनची हनुवटी धरायची आणि मग माझ्याकडे बघून म्हणायची, "थोरलीचं पण आता आज-उद्या." मी पण मान डोलावली. खीर मला जास्त मिळाली होती.

त्यानंतर महिन्याला चार दिवस शालन माझ्यापासून तुटायची. ती पडवीत, मी उंबऱ्याच्या आत. तीही आता त्यांच्याबरोबर फसकन हसायला लागली. मी वरून पाणी ओतायची आणि ती ओंजळीने प्यायची, तेव्हा ओंजळीवरून माझ्याकडे अशी बघायची जणू ती पैलतीरावर गेली आहे आणि मी होडी चुकलेली.

चौदा झालं, पंधरा झालं. माझं अंग भरलं होतं, उंची शालनपेक्षा वर गेली होती, चेहऱ्यावर पुटकुळ्या येत होत्या, पण बाकी काही नाही. आईने उपाय सुरू केले. तीळ-गूळ, कच्ची पपई, कोरफडीचा गर, शेपूचा काढा. मी सगळं नाक मुठीत धरून घेतलं. तिने गावदेवीला नवस बोलला. सुरुवातीला ती दर महिन्याला विचारायची. मग विचारणं थांबलं, नुसती बघायची. ते बघणं काढ्यापेक्षा कडू होतं.

एका माणसाला मात्र माझं हे असं असणं फार सोयीचं वाटत होतं, ते म्हणजे बाबा. पानवेलीत बाई माणसाची गरज असते, पानं खुडायला आणि जुड्या बांधायला, पण घरातल्या बायका दर महिन्याला अडायच्या. मी बारा महिने हजर. पांगाऱ्यावर चढवलेल्या वेलींच्या रांगा, वर पानांचं छत, आत हिरवा अंधार आणि ओल्या मातीचा गारवा. चप्पल बाहेर काढून जायचं. आत बाबांचा आवाज आपोआप खाली यायचा, जसा देवळात येतो. अंगठ्यात पत्र्याची नखी अडकवून त्यांनी मला पान खुडायला शिकवलं. देठ किती ठेवायचा, पिकलं पान बोटाला कसं कळतं. "कुमू माझा बारमाही गडी आहे," ते लोकांना कौतुकाने सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं आणि टोचायचंही. आज वाटतं, त्यांच्याबरोबर वेलीत काढलेले ते तास माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. तेव्हा मात्र मी पानं खुडता खुडता पडवीतल्या हसण्याकडे कान लावून असायची.

सतरावं सरत आलं तेव्हा शेजारच्या एका काकूंनी हळदीकुंकवात, दहा बायकांसमोर, आईला विचारलं, "कुमुदचं काय झालं गं? अजून नाहीच का?" आईने वाण देता देता खाली बघितलं. हळद जमिनीवर सांडली. त्यानंतर तीन दिवसांनी काकी आणि शालन दोघी पडवीत होत्या. आई पाट्यावर वाटण वाटत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आई, मला शिवू नकोस."

तिने वरवंटा तसाच सोडला. वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा जो फुलला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. परीक्षेत पहिली आले तेव्हाही नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. मला जवळ घ्यायला ती दोन पावलं पुढे आली आणि शिवायचं नाही हे आठवून तशीच थांबली. दोन्ही हात मसाल्याचे, हवेत धरलेले. "देवीने ऐकलं गं," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप मला त्याच क्षणी व्हायला हवा होता. झाला नाही. मी पडवीची वाट धरली होती.

कोणी तपासणार नव्हतं. ज्या त्या बाईने आपापली फडकी बावखलाच्या कडेला धुवायची आणि करवंदीच्या जाळीमागे, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशी, दोरीवर वाळत टाकायची. ते चार दिवस मी काय सुखात घालवले सांगू! काकीने मला सुई दिली, टाका कसा लहान घालायचा ते दाखवलं. आणि मग त्या बोलायला लागल्या. आमच्या घरात बाईच्या शरीराबद्दल जे काही ज्ञान होतं ते सगळं त्या पडवीत होतं, आणि आता मला कळतं की त्यातलं निम्मं चुकीचं होतं. हे नासकं रक्त असतं, ते अंगात राहिलं तर डोक्यात चढतं. या दिवसांत दही खाल्लं तर पोट धरतं. काकी सांगत होती की तिला आठ-आठ दिवस जातं, गाठी पडतात, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तिचे ओठ पांढरे पडलेले होते. "बाईचा भोग," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला. शालननंतर तिची तीन पोटं वाया गेली होती, तेही मला तिथेच कळलं. एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी ऐकत होते, सुई चालवत होते, आणि मला वाटत होतं की आता मी आत आले. बाहेर बसून आत आले.

पाचव्या दिवशी माझीही खीर झाली. बाबांनी वाडीतला सगळा मोगरा खुडून आणला, विकायचा होता तोही. माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या महिन्यात शालनला कळलं. फडकी धुवायला आम्ही दोघी एकदम गेलो होतो. माझं फडकं कोरडं, पांढरं, घडी मोडलेली नाही. मी ते पाण्यात बुडवून उगाच आपटायला लागले. तिने बघितलं. मला वाटलं आता ही ओरडणार. तिने आपली फडकी धुतली, पिळली, आणि त्यातलं एक, ज्यावरचा तांबूस डाग कधी निघत नसे, ते माझ्या दोरीवर टाकलं. माझं पांढरं आपल्या दोरीवर घेतलं. "चल," म्हणाली, "ऊन वाढलं." या विषयावर ती त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. सहा महिने ती हे करत राहिली.

मग आगाशीचं स्थळ आलं. मुलगा सुधाकर, एकुलता एक, मुंबईला एका कचेरीत कारकून, घरी स्वतःची वाडी. बघायला आले तेव्हा मी पोहे दिले, नाव सांगितलं, जे सगळ्या सांगतात ते सांगितलं. नंतर बाबा त्यांना वाडी दाखवायला घेऊन गेले, मी आणि शालन मागून. पानवेलीच्या तोंडाशी सुधाकरने, कोणी सांगायच्या आधी, बूट काढले. मोजेही काढले आणि बुटात नीट खोचले. आत गेल्यावर वर बघत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "इथे मोठ्याने बोलवतच नाही, नाही?" ते वाक्य बाबांना उद्देशून होतं, पण मी ते घेतलं. झालं. त्या दिवसापासून मला ओढ लागायला आणखी एक जागा झाली, आगाशीचं ते न पाहिलेलं घर. सुपारी फुटली. मी सतरा पुरी केली होती. आमच्याकडे तेव्हा एवढ्या वयातच लग्नं होत.

लग्नाची तारीख धरायला सुधाकरची आई एका दुपारी आमच्याकडे आली. मी त्या दिवशी माझ्या खोट्या हिशेबाने दुसऱ्या दिवसाची, पडवीत होते. भिंतीपलीकडे माजघरात त्या दोघी बसल्या होत्या आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"मुलीची तारीख कधीची असते?" सुधाकरच्या आईने विचारलं. "म्हणजे नेमका लग्नात अडथळा नको."

"आजच दुसरा," आई म्हणाली. तिच्या आवाजात केवढा अभिमान! "अगदी घड्याळासारखी आहे हो. अठ्ठाविसाव्याला ठरलेली."

"मग मार्गशीर्षातला हा मुहूर्त नको, तो अडतो. पुढचा धरू या."

दोन बायका बोटांच्या पेरांवर माझे दिवस मोजत होत्या. ज्या दिवसांत काही नव्हतंच, त्यांना टाळून मुहूर्त शोधत होत्या. शालन माझ्यासमोर गोधडी शिवत बसली होती. तिची सुई थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी उठले, तीन पायऱ्या उतरले, बावखलाच्या कडेने गेले आणि चप्पल काढून पानवेलीत शिरले.

बाबा आत जुडी बांधत होते. पायाचा आवाज ऐकून त्यांनी वर बघितलं आणि ते जवळजवळ ओरडले, "कुमू! मागे हो! तू बाहेरची आहेस, वेड लागलं का?"

"बाबा, वेलीला काही होणार नाही."

"अगं, मागे हो आधी!"

"मी बाहेरची नाही. मला येतच नाही. एकदासुद्धा आलेली नाही. मी खोटं बोलले."

आपल्या बापाशी या विषयावर एक शब्द बोललेली मुलगी तेव्हा आमच्या गावात नसेल. शब्द तोंडातून गेले आणि मला वाटलं आता जमीन फाटेल. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या वेलीकडे बघत होते. मग त्यांनी अंगठ्यातली नखी काढली, खिशात ठेवली आणि उकिडवे बसले.

"आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"शालनला?"

मी खाली पडलेलं एक पान उचललं.

"हं," ते म्हणाले. मग, "सहा महिने त्या पडवीत बसून करत काय होतीस?"

"गोधडी शिवत होते."

त्यांच्या तोंडून एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, मला आजही ठरवता येत नाही. "कुठे दुखतं का तुला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग बस इथे," म्हणाले, "पाहुणी जाईपर्यंत इथेच बस." आणि त्यांनी उरलेली पानं माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघांनी मिळून ती जुडी बांधली. उठताना ते म्हणाले, "त्या लोकांना फसवायचं नाही, कुमू. आधी डॉक्टर. मग आगाशीला मी जातो."

आईला त्यांनीच सांगितलं. आई माझ्यावर ओरडली नाही, हात उगारला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हा ग्रहणात मी भाजी चिरली होती. सासूबाई नको म्हणत होत्या."

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मला चार दिवस ठेवलं. तपासलं, रक्त घेतलं, मग भूल देऊन बेंबीपाशी एक बारीक छिद्र पाडून आत दुर्बिणीने बघितलं. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला समोर बसवलं. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला घाई नसलेल्या बाई. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. उलट्या पेरूसारखं गर्भाशय, दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाशी दोन बदाम. ते बदाम म्हणजे अंडाशय. "यातून महिन्याला एक बीज पिकून बाहेर येतं," त्या म्हणाल्या. "इकडे गर्भाशय त्याच्यासाठी आतून अस्तर तयार करतं, मऊ गादी घालावी तसं. मूल राहिलं तर ते त्या गादीवर वाढतं. नाही राहिलं तर गादी काढून टाकायची, पुढच्या महिन्याला नवी घालायची. ती बाहेर पडते तीच पाळी."

मग माझ्याकडे बघून त्यांनी सांगितलं. माझे दोन्ही बदाम होते, चांगले होते. मधला पेरू नव्हता. तो आईच्या पोटात असतानाच तयार झाला नव्हता. "तू पुरती बाई आहेस, हे लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "तुझंही बीज दर महिन्याला पिकतं. पाळी येणार नाही आणि मूल होणार नाही. लग्न करावंसं वाटलं तर करता येईल, त्यासाठी उपचार लागले तर आहेत. पण समोरच्याला खरं सांगून." महिन्यातून एकदा माझी छाती का दुखायची आणि कारण नसताना रडू का यायचं, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. दिवस मी खोटे सांगितले होते, पण चक्र फिरत होतं. फक्त त्याला उतरायला जागा नव्हती.

आईने ग्रहणाचं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ग्रहणाचा काही संबंध नाही. भाजीचाही नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही." आईने पदराने डोळे पुसले. मला वाटलं आता उठायचं. पण ती त्या कागदाकडे बघत बसली होती. तिने पेरूवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे ते नासकं रक्त नसतं?"

"नाही हो. बाळासाठी घातलेली गादी ती. नासकी कशी असेल?"

"तीस वर्षं झाली मला," आई म्हणाली, "मला कोणी सांगितलंच नाही." आणि हळूच म्हणाली, "हा कागद मी घेऊन जाऊ?"

चित्राचा कागद काही बाईंना देता आला नाही, केसपेपर होता तो. त्यांनी दुसऱ्या कागदावर तेच चित्र पुन्हा काढून दिलं.

पुढल्या रविवारी बाबा सायकल काढून आगाशीला गेले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले. मी दाराआड उभी होते हे त्यांना ठाऊक होतं. "मुलाची आई रडली," ते म्हणाले. "म्हणाली, पोर गुणी आहे, खरं सांगितलंत हे उपकार, पण आमचा एकुलता एक."

"आणि तो?" मी दाराआडूनच विचारलं.

"फाटकापर्यंत आला. माझी सायकल त्याने धरली होती."

"काही म्हणाला?"

"नाही." बाबांनी ओले पाय पुसले. "चप्पल घालायला विसरला होता. खडीवरून तसाच अनवाणी आला."

एवढंच. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला कधीच कळलं नाही, आणि माझ्या आयुष्यात त्या खडीवरून मी किती वेळा चालून आले असेन, ते मीही मोजलेलं नाही. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झाल्याचं ऐकलं. मी लग्न केलं नाही. डी. एड. केलं, शाळेत नोकरी धरली, निवृत्त झाले आणि आता बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लोक हळहळतात तेवढं ते वाईट नव्हतं आणि मी सांगते तेवढं सोपंही नव्हतं.

पण त्या घरात एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. इस्पितळातून आल्यावर आईची पाळी आली तेव्हा तिने पडवीत काकी आणि शालनला समोर बसवलं, चुलीतला कोळसा मागितला आणि जमिनीवर ते चित्र काढलं. पेरू, नळ्या, बदाम. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिने जसेच्या तसे सांगितले, गादीसकट. मी उंबऱ्यावर तांब्या घेऊन उभी होते. काकी ऐकत होती. "मग माझी गादी आठ-आठ दिवस का पडते?" तिने विचारलं. आईने कोळसा खाली ठेवला. ती म्हणाली, "ते बाईंना विचारायचं. पुढल्या सोमवारी जाऊ." मी पाणी ओतायला वाकले तेव्हा आईने मान वर केली. "वरून कशाला ओततेस?" म्हणाली. "हातात दे." मी तांब्या तिच्या हातात दिला. तिच्या बोटांना माझी बोटं लागली. काकीने ते बघितलं.

काकीच्या गर्भाशयात गाठी होत्या आणि अंगात रक्त इतकं कमी की आधी दोन बाटल्या चढवायला लागल्या. मग ऑपरेशन करून पिशवी काढली. आणखी वर्ष गेलं असतं तर बाई हाती लागली नसती, असं तिथले डॉक्टर काकांना म्हणाले. महिन्याभराने ती घरी आली तेव्हा तिचे ओठ मी पहिल्यांदा लाल बघितले. मला जवळ बोलावून, शेजारी बसवून म्हणाली, "आता आपण दोघी एका माळेतल्या बघ." आणि पूर्वी पडवीत हसायची तशी फसकन हसली. मी पण हसले. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मग किती वेळ रडले ते मला आठवत नाही.

पडवी पुढेही बरीच वर्षं चालली. एका कोळशाच्या चित्राने प्रथा मोडत नाहीत. मी पुन्हा तिथे बसले नाही. कोणी नको म्हटलं नसतं, पण बसायला कारण राहिलं नव्हतं. शालन लग्न होऊन गेली, तिला मुलगी झाली, मुलीला मुलगी झाली. काका गेले, बाबा गेले, आई गेली, काकी त्या पिढीत सगळ्यांत उशिरा गेली, चांगली पिकून. शालनला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिची नात ईरा एव्हरशाईन सिटीत राहते, तेरा वर्षांची आहे, आणि आजी गेल्यापासून तिला काही सांगायचं झालं की मला फोन करते.

गेल्या महिन्यात शाळेतून आल्या आल्या तिचा फोन आला. "कुमूआजी, गेस व्हॉट, आली! मॅथ्सच्या पिरियडला. मी अजिबात घाबरले नाही. मम्मा केक आणणारे." मी तिला विचारलं, पोट दुखतंय का, गरम पाण्याची पिशवी आहे का, पॅड किती तासांनी बदलायचं ते मम्माने सांगितलं का. "हो गं, सगळं माहितीये," ती म्हणाली. "तुला कधी आली होती फर्स्ट टाइम?"

आयुष्यभर या प्रश्नाला मी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नघरांत, अगदी डोळ्यांच्या डॉक्टरकडे फॉर्म भरतानाही. त्या दिवशी मात्र सरळ सांगितलं. "मला आली नाही गं. कधीच नाही."

"कधीच नाही? होल लाइफ?"

"हो. माझं गर्भाशयच तयार झालं नव्हतं. काही जणींचं नाही होत."

"लकी!" ती म्हणाली. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. पोर विचार करत होती. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "पण तुला हवी होती का?"

डॉक्टरांनी मला खूप काही विचारलं होतं. नातेवाइकांनी विचारलं, आगाशीच्या माणसांनी बाबांना विचारलं. दुखतं का, लग्नाचं काय, मूल दत्तक घेणार का, म्हातारपणी कोण बघणार. हे मात्र इतक्या वर्षांत मला कोणीच विचारलं नव्हतं. आईनेही नाही.

"हो," मी म्हटलं. "फार हवी होती."